व्हिएन्नाच्या संग्रहालयातला गोव्याचा विजय

ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये दहा प्रचंड भित्तिपटांचा एक संच आहे. युरोपात त्यांना टॅपेस्ट्री म्हणतात. लोकर आणि रेशीम यांच्या धाग्यांनी विणलेली ही चित्रे सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर ब्रसेल्समध्ये तयार झाली. त्यांचा विषय मात्र हिंदुस्थानातला आहे. दीवच्या किल्ल्याभोवतीची 1546 ची लढाई, पोर्तुगीज गव्हर्नर दों जुआंव द कास्त्रो याचा विजय आणि 1547 मध्ये गोव्यात निघालेली त्याची मिरवणूक या दहा पटांवर विणलेली आहे.

फ्लेमिश, म्हणजे ब्रसेल्सच्या परिसरातले, भित्तिपट हा विषय निघाला की सहसा फ्रान्स, स्पेन, इंग्लंडच्या राजवाड्यांची नावे येतात. खानदेशचे नाव कोणी घेत नाही. पण या दहा पटांवर ज्याच्या सैन्याचा पराभव दाखवला आहे, त्या गुजरातच्या सुलतानाचे बालपण खानदेशात बंदिवासात गेले होते. म्हणून या कापडाची गोष्ट जळगाव-धुळ्याच्या वाचकालाही आपली म्हणून वाचता येते. कापड कोठे विणले, ते कोणाकडून कोणाकडे गेले आणि त्याची किंमत कोणी कशी लावली, हे पाहत गेले की विजेत्यांचा इतिहास कसा तयार होतो आणि कसा टिकतो, ते धाग्याधाग्याने उलगडते.

ब्रसेल्सचा माग

त्या काळी युरोपातल्या श्रीमंतीचे सर्वांत मोठे प्रदर्शन रंगचित्रात नसे, ते भित्तिपटात असे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री 1547 मध्ये वारला. त्याच्या मालमत्तेची यादी झाली, तेव्हा तीत दोन हजारांहून अधिक भित्तिपट निघाले. थंड दगडी दालनांना या पटांनी ऊब येई आणि लग्न, राज्यारोहण, तह अशा प्रसंगी ते भिंतींवर चढत. गुंडाळून गाड्यांवर लादता येत असल्यामुळे राजा जिथे मुक्कामाला जाई, तिथे त्याचे वैभवही सोबत जाई.

हे काम फ्लँडर्स आणि ब्राबांट या शेजारच्या प्रांतांत, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या परिसरात, सर्वोत्तम होई. ब्रसेल्स त्याचे केंद्र होते. आधी चित्रकार लहान आराखडा काढी. त्यावरून पटाच्याच आकाराचे मोठे कागदी चित्र तयार होई. त्याच्या पट्ट्या कापून आडव्या मागावरच्या ताण्याखाली ठेवत आणि विणकर मागच्या बाजूने काम करत. त्यामुळे पूर्ण झालेल्या पटावर चित्र उलटे येई, म्हणजे डावीकडचे उजवीकडे. चित्रकाराला हे आधीच ध्यानात घ्यावे लागे, नाही तर योद्ध्याची तलवार डाव्या हातात दिसे.

ताणा साध्या लोकरीचा असे. बाण्यात रंगीत लोकर, रेशीम आणि अतिश्रीमंत गिऱ्हाइकासाठी सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची जर. बाण्याचा धागा काठापासून काठापर्यंत जात नसे, ज्या रंगाची जिथे गरज तेवढ्याच भागात तो फिरे. ज्याने येवल्याच्या पैठणीचा पदर विणताना पाहिला असेल, त्याला हे लगेच कळेल. मोराच्या पिसाऱ्यातल्या प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते आणि ती आपल्या हद्दीतच फिरते. पैठणीचा पदर आणि फ्लेमिश भित्तिपट विणण्याचे मूळ तंत्र एकच आहे. फरक आकाराचा आणि हेतूचा. पैठणी अंगावर नेसायची असते, भित्तिपट दालनभर पसरायचा असतो.

असा एक पट विणायला अनेक कारागीर शेजारी शेजारी बसून महिनोन्महिने राबत. माल महाग असल्यामुळे नकलाही होत. म्हणून 1528 मध्ये ब्रसेल्सने नियम केला, की शहरात विणलेल्या मोठ्या पटाच्या कडेवर लाल ढालीच्या दोन्ही बाजूंना दोन ‘बी’ अक्षरे असलेली खूण आणि सोबत विणकराची खूण विणलीच पाहिजे. एक ‘बी’ ब्राबांटचा, दुसरा ब्रसेल्सचा. पुढच्या काळात पटांची कुळकथा शोधताना अभ्यासकांना या खुणांचा फार उपयोग झाला.

ज्युपिटरच्या हातातली पृथ्वी

भित्तिपटांवर बायबलमधले प्रसंग असत, शिकारी असत आणि ग्रीक-रोमन पुराणकथा तर असतच. पण या पुराणकथा निव्वळ करमणुकीसाठी विणल्या जात नसत. राजाला आपण कोण आहोत हे सांगायचे असे, आणि देवांच्या तोंडून सांगितले की ते अधिक पटे.

याचा उत्तम नमुना पोर्तुगालच्या दरबाराचा आहे. 1520 ते 1530 च्या सुमारास ब्रसेल्समध्ये गेओर्ग वेझेलर याच्याशी संबंधित कारखान्यात तीन पटांचा एक संच विणला गेला. पहिल्या दोन पटांत हर्क्युलिस आणि ॲटलास आकाशगोल पेलताना दिसतात. तिसऱ्यात मध्यभागी पृथ्वीचा गोल आहे आणि दोन बाजूंना ज्युपिटर व जुनो उभे आहेत. अभ्यासकांच्या मते हा ज्युपिटर म्हणजे पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव आणि जुनो म्हणजे त्याची राणी कातारीना. पृथ्वीच्या गोलावर आफ्रिका आणि हिंदी महासागर ठळक दाखवले आहेत. ज्युपिटरचा राजदंड लिस्बनवर टेकलेला आहे. हा संच आज माद्रिदच्या स्पॅनिश राजसंग्रहात आहे.

या पटाचा अर्थ सरळ आहे. कोकणपट्टीवर मसाल्याची गलबते अडवणारे, वसईपासून गोव्यापर्यंत किल्ले बांधणारे राज्य स्वतःला देवांनी नेमलेला पृथ्वीचा राखणदार समजत होते. कास्त्रोचे दहा पट वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. तिथे देव प्रत्यक्ष दिसले नाहीत तरी गव्हर्नरच पुराणातल्या वीराच्या जागी उभा आहे.

थाळनेरहून दीवकडे

पटांवरचे युद्ध समजून घ्यायचे तर थोडे मागे, आपल्या मुलखात यावे लागते.

1370 मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा याला थाळनेर आणि करवंद यांची जहागीर दिली. ही दोन्ही गावे आज धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात आहेत. तिथून खानदेशच्या फारुकी घराण्याची सुरुवात झाली. पुढे राजधानी बुऱ्हाणपूरला गेली, पण पहिल्या फारुकी राज्यकर्त्यांच्या कबरी तापीकाठी थाळनेरलाच आहेत. फारुकी राज्य लहान होते. माळवा, गुजरात आणि बहमनी सत्ता अशा बलाढ्य शेजाऱ्यांमध्ये टिकून राहण्यासाठी त्याने गुजरातच्या सुलतानांशी सोयरीक जोडली.

सोळाव्या शतकात या सोयरिकीला मोठे महत्त्व आले. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने मोगल बादशहा हुमायूनच्या भीतीने पोर्तुगिजांशी तडजोड केली. डिसेंबर 1534 च्या तहाने वसई त्यांना दिली आणि 1535 मध्ये दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. फेब्रुवारी 1537 मध्ये दीवच्या समुद्रात पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत बहादूरशहा मारला गेला. त्याला मुलगा नव्हता. गुजरातच्या सरदारांनी त्याचा भाचा, खानदेशचा सुलतान मीरान मुहंमद फारुकी, याला गादीसाठी निवडले. म्हणजे काही आठवडे खानदेश आणि गुजरात एकाच मुकुटाखाली येतील अशी स्थिती होती. पण अहमदाबादला पोचण्याआधीच मीरान मुहंमद वारला.

मग उरला बहादूरशहाचा पुतण्या महमूद. हा मुलगा तेव्हा खानदेशात नजरकैदेत होता. मीरान मुहंमदनंतर खानदेशच्या गादीवर आलेल्या मुबारकने त्याला सोडायला टाळाटाळ केली, कारण गुजरातच्या गादीवर त्याचाही डोळा होता. गुजरातच्या सरदारांनी दबाव आणला, तेव्हा कुठे पोराची सुटका झाली. तो तिसरा महमूदशहा म्हणून गादीवर बसला. पुढे मुबारकशी वैर आणि समेट होऊन नंदुरबार आणि सुलतानपूर हा मुलूख खानदेशला मिळाला. 1998 पर्यंत धुळे जिल्ह्याचा भाग असलेला हा मुलूख अशा रीतीने गुजरातच्या वारसाहक्काच्या भांडणात हात बदलत आला आहे.

1546 मध्ये दीवला वेढा पडला तो याच महमूदशहाच्या नावाने. वेढ्याची सूत्रे सुरतेच्या ख्वाजा सफरच्या हाती होती. जूनमध्ये तोफेच्या गोळ्याने तो ठार झाला आणि त्याचा मुलगा रूमीखान याने वेढा पुढे चालवला. आत मूठभर पोर्तुगीज सैन्य जुआंव मास्करेन्यशच्या हाताखाली तग धरून होते. ऑगस्टमध्ये सुरुंगाच्या स्फोटात कास्त्रोचा तरुण मुलगा फेर्नांदो मारला गेला. नोव्हेंबरमध्ये कास्त्रो स्वतः आरमार घेऊन आला, किल्ल्याबाहेर पडून त्याने लढाई केली आणि वेढा मोडला. रूमीखान रणात पडला.

दाढीचे तारण

किल्ला वाचला, पण ढासळला होता. तो बांधायला पैसा नव्हता. कास्त्रोने गोव्याच्या नगरपालिकेला पत्र लिहून कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. मृत मुलाच्या अस्थी पाठवायच्या होत्या, पण ते शक्य झाले नाही, असेही त्याने कळवले. गोवेकरांनी पैसे दिले आणि केस सन्मानाने परत केले. चौलच्या पोर्तुगीज स्त्रियांनी दागिने देऊ केल्याचे जुने चरित्रकार लिहितात. जवळ दुसरे काहीच नसताना अब्रू गहाण टाकणारा हा प्रसंग पोर्तुगालमध्ये आजही सांगितला जातो.

एप्रिल 1547 मध्ये कास्त्रो गोव्यात आला. शहराने त्याचे स्वागत प्राचीन रोमच्या विजयी सेनापतीसारखे केले. त्याच्या वाटेत तटाचा भाग पाडून रस्ता केला, रस्ते सजवले, जिंकलेली निशाणे जमिनीवरून फरपटत नेली, तोफा ओढत नेल्या आणि पकडलेला गुजरातचा सरदार जुझारखान याच्यासह शेकडो कैद्यांना चालवले. कास्त्रोच्या मस्तकावर पानांचा मुकुट होता. ही बातमी लिस्बनला पोचली तेव्हा राणी कातारीनाने, कास्त्रो ख्रिस्ती माणसासारखा लढला आणि मूर्तिपूजकासारखा मिरवला, अशा आशयाचा शेरा मारल्याचे सांगतात. राणीच्या या नाराजीतच भित्तिपटांचा नेमका विषय आहे. पुराणकाळातल्या वीराची सगळी भाषा एका गव्हर्नरने गोव्याच्या रस्त्यावर अंगावर घेतली होती.

कास्त्रोला हा थाट कोठून सुचला? 1535 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने ट्युनिसवर स्वारी केली, तेव्हा कास्त्रो पोर्तुगीज तुकडीबरोबर तिथे होता. त्या विजयानंतर इटलीतल्या शहरांनी चार्ल्सचे स्वागत रोमन पद्धतीने केले. चार्ल्सने ती मोहीम बारा भित्तिपटांवर विणवून घेतली. चित्रे यान फेरमायेनची, विणकाम ब्रसेल्सच्या विलेम द पानेमाकरचे, आणि पट पूर्ण झाले 1554 मध्ये. त्या पटांची कागदी मूळ चित्रे आज व्हिएन्नाच्या त्याच संग्रहालयात आहेत, जिथे कास्त्रोचे पट आहेत. सम्राटाच्या ट्युनिसला जसे बारा पट, तसे गव्हर्नरच्या दीवला दहा. एका सरदाराच्या लढाईला सम्राटाच्या लढाईच्या पंगतीत बसवण्याचा हा स्पष्ट प्रयत्न होता.

पट विणले गेले तेव्हा कास्त्रो हयात नव्हता. 6 जून 1548 रोजी तो गोव्यातच वारला. शेवटच्या दिवसांत फ्रान्सिस झेवियर त्याच्याजवळ होता.

वस्तू कोठे कोठे गेल्या

कास्त्रो केवळ सैनिक नव्हता. गणित आणि नौकानयन यांचा तो जाणकार होता. 1538-39 मध्ये गोव्याहून दीवला जाताना त्याने किनाऱ्याचे तपशीलवार वर्णन लिहिले. त्यात घारापुरीच्या लेण्यांचे मोजमापांसह कौतुकाने केलेले वर्णन आहे. युरोपीय भाषेत या लेण्यांविषयी लिहिलेल्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी ते एक आहे. तांबड्या समुद्राच्या प्रवासाची त्याची चित्रांकित हस्तलिखित वही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पोर्तुगालमध्ये सिंत्रा येथे त्याची बाग आहे. सोमनाथ परिसरातला, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला 1287 चा संस्कृत शिलालेख त्याच बागेत पोचला आणि अभ्यासकांत तो सिंत्रा प्रशस्ती या नावाने ओळखला जातो. तो शिलालेख कास्त्रोनेच नेल्याची परंपरा आहे.

गोव्यातही एक वारसा राहिला. कास्त्रोने गव्हर्नरांची चित्रे काढवून घ्यायची प्रथा सुरू केली. इतिहासकार गास्पार कोर्रेया याने ते काम एका स्थानिक चित्रकाराच्या मदतीने केले. त्या चित्रमालिकेचा वारसा सांगणारी चित्रे जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पाहता येतात. वही लंडनला, शिलालेख सिंत्राला, चित्रे जुन्या गोव्यात आणि भित्तिपट व्हिएन्नाला, असा एका माणसाच्या आयुष्याचा पसारा जगभर विखुरला आहे.

भित्तिपट हॅब्सबर्ग घराण्याच्या संग्रहात आले. पोर्तुगालची राणी कातारीना ही सम्राट चार्ल्सची धाकटी बहीण, म्हणजे हॅब्सबर्ग मुलगी. लिस्बन, माद्रिद, ब्रसेल्स आणि व्हिएन्ना ही शहरे त्या काळी एका मोठ्या कुटुंबाच्या नात्यांनी जोडलेली होती. लग्न, वारसा आणि भेट यांच्या वाटेने पट एका दरबारातून दुसऱ्या दरबारात सहज जात.

हे पट टिकले हेच मोठे आहे. जर असलेले भित्तिपट हे शेवटी सोन्याचांदीचे साठेच असत. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर, 1797 मध्ये, सरकारने राजसंग्रहातले अनेक मौल्यवान पट जाळून त्यातली जर वितळवली.

व्हिएन्नाच्या पटांवरही संकट येता येता राहिले. पहिल्या महायुद्धात हॅब्सबर्ग साम्राज्य कोसळले. 3 एप्रिल 1919 च्या कायद्याने घराण्याची मालमत्ता ऑस्ट्रियाच्या नव्या प्रजासत्ताकाकडे गेली. राजाचे पट जनतेचे झाले. पण जनता उपाशी होती. शहरात धान्य नव्हते, कोळसा नव्हता. जुन्या दरबाराचे भित्तिपट विकावेत किंवा गहाण ठेवून परदेशातून अन्न आणावे, असा विचार सरकारमध्ये सुरू झाला. कलेच्या अभ्यासकांनी कडाडून विरोध केला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या सेंट जर्मेनच्या तहात अशी तरतूद आली की ऑस्ट्रियाने राजसंग्रह वीस वर्षे फोडू नयेत.

इथे मन थांबते. 1546 मध्ये किल्ल्यासाठी एक माणूस दाढीचे केस गहाण टाकतो, आणि पावणेचारशे वर्षांनी एक देश भाकरीसाठी दरबाराचे पट गहाण टाकायचा विचार करतो. त्या पटांपैकीच काहींवर पहिल्या तारणाने पुन्हा उभ्या राहिलेल्या किल्ल्याचा विजय विणलेला आहे. दोन्ही वेळा तारणाची किंमत धाग्यात किंवा केसात नव्हती, ती लोकांनी त्यांना दिलेल्या मानात होती. वस्तूची मालकी कायद्याने बदलते, पण तिचे मोल समाज ठरवतो.

आपण हे पट कसे वाचावेत

पट ज्याने विणवले त्याला विजयच दाखवायचा होता, आणि विणकरांना जे चित्र दिले गेले ते त्यांनी विणले. त्यांच्यापैकी कोणी दीव पाहिले नव्हते, तापी तर नाहीच. कैद्यांचे चेहरे ब्रसेल्सच्या कल्पनेतले आहेत. गुजरातच्या सैन्यातल्या हबशी, तुर्क, राजपूत आणि पठाण यांची बाजू, त्यांच्या सुलतानाचे खानदेशातले बंदिवासातले बालपण, नंदुरबारचा वाद, हे काहीही त्या दहा पटांत नाही.

म्हणून हे पट कमी प्रतीचे ठरत नाहीत. उलट ते अस्सल पुरावा आहेत, फक्त कशाचा, हे नीट ओळखले पाहिजे. दीवच्या लढाईत नेमके काय घडले याचे ते साक्षीदार नाहीत. लिस्बन आणि ब्रसेल्सला ती लढाई कशी आठवावी असे वाटत होते, याचे ते साक्षीदार आहेत.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्यभर अस्सल साधनांचा आग्रह धरला. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभे राहिले. कागद कोणी लिहिला, कोणासाठी, कधी, आणि तो कोणाच्या दप्तरात राहिला, हे प्रश्न त्यांनी मराठी इतिहासलेखनाला विचारायला शिकवले. भित्तिपटाला हेच प्रश्न विचारता येतात. तोही एक प्रकारचा कागदच आहे, फक्त लोकरीचा.

ब्रसेल्सच्या पटांशेजारी पोर्तुगीज बखरी, गुजरातचा फारसी इतिहास मिरात-ए-सिकंदरी आणि थाळनेरच्या कबरी ठेवल्या, तर 1546 ची गोष्ट पूर्ण होऊ लागते. पट व्हिएन्नाचे आहेत आणि ते तिथेच राहतील. पण त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार संग्रहालयाच्या मालकीबरोबर जात नाही. तो आपल्याही वाट्याला आला आहे. शिरपूरच्या शाळेतल्या मुलाला आपल्या तालुक्यात सुरू झालेल्या राज्याचा धागा दीवच्या लढाईपर्यंत कसा पोचला, हे सांगता आले पाहिजे. तेवढे काम व्हिएन्नाचे संग्रहालय करणार नाही. ते आपणच केले पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी साधने आपल्या हाताशी आहेत.